आधी यादी, मग खोकं

दुपारची भांडी आवरून झाली असतील, तर रेडिओजवळ जरा निवांत बसा. आज आम्ही एका वेगळ्याच कामाची गोष्ट सांगणार आहोत. एका गावातून दुसऱ्या गावाला बिऱ्हाड हलवायचं म्हटलं तरी आपल्या पोटात गोळा येतो. टेम्पोत काय चढवायचं आणि काय मागं ठेवायचं, यावरून घरात दोन दिवस वाद चालतो. मग तोच संसार समुद्रापार न्यायचा असेल, तर?

"हे आपल्याला कशाला?" असं कुणी म्हणेल. आम्हीही तसंच म्हणायचो. पण आता आमच्याच आळीतली पोरं परदेशी निघाली आहेत. कुणाची मुलगी नर्स आहे, कुणाचा मुलगा कॉम्प्युटरच्या कामात आहे. आधी एक जण जातो, मग बायको-मुलं जातात. आणि सामान निवडायचं, पुसायचं, बांधायचं काम येतं बायकांच्याच वाट्याला. कागद पुरुषांच्या हातात आणि खोकी बायकांच्या हातात, अशी वाटणी होते. तिथंच घोळ होतो. तो कसा टाळायचा, एवढंच आज सांगायचं आहे.

काकूंचं कर्ज

आमच्या गटातल्या एका काकूंच्या मुलाला कॅनडात कायम राहायची परवानगी मिळाली. मुलगा, सून आणि दोन नातवंडं निघणार होती. काकू बैठकीत आल्या आणि म्हणाल्या, "मला कर्ज पाहिजे. पोरांचा संसार पाठवायचा आहे."

आम्ही विचारलं, "काय काय पाठवणार?"

"सगळं," काकू म्हणाल्या.

सगळं म्हणजे काय, ते कुणालाच माहीत नव्हतं. हिशेब लिहिणारी आमची मैत्रीण म्हणाली, "कर्जाचं मग बघू. आधी यादी करू." त्याच बैठकीत वहीचं पान उघडलं. दिवाण, लोखंडी कपाट, लाकडी पाळणा, मिक्सर, तांब्या-पितळेची भांडी, पाटा-वरवंटा, सहा गोधड्या, देव, लोणच्याच्या बरण्या, तुळशीची कुंडी, घेवड्याचं आणि वालाचं घरचं बियाणं. पान भरलं.

मग कुणीतरी सूनबाईला विचारलं, "तुला यातलं काय पाहिजे?"

ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला पाटा-वरवंटा पाहिजे. आणि आईंनी शिवलेल्या दोन गोधड्या. दिवाण मला नको होता, पण मला कुणी विचारलंच नाही."

मैत्रिणींनो, सामान कसं पाठवायचं याचा पहिला धडा हाच. जी बाई त्या वस्तू तिथं रोज वापरणार आहे, तिला आधी विचारा. लेकीला देताना तर नक्कीच विचारा. आपण मायेनं देतो, पण त्या मायेचं भाडं कुणीतरी भरत असतं.

तीन ढीग

यादी झाली की घरातल्या वस्तूंचे तीन ढीग करायचे. पहिला ढीग माणसांबरोबर विमानानं जाणाऱ्या वस्तूंचा. दुसरा मागून बोटीनं जाणाऱ्या वस्तूंचा. तिसरा इथंच राहणाऱ्या वस्तूंचा.

पहिल्या ढिगाचं वजन तिकिटावर लिहिलेलं असतं. कॅनडाच्या प्रवासाला अनेक विमान कंपन्या माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात, पण प्रत्येकीचा नियम वेगळा असतो, म्हणून तिकीट नीट वाचून घ्या. बोटीचं सामान पोचायला दीड-दोन महिने सहज लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणून पहिल्या ढिगात दोन-तीन महिने भागेल एवढं हवं. मुलांचे कपडे, गरम कपडे, दोन पातेली, तवा, कुकर, एक-दोन पांघरुणं. बोट येईपर्यंत घर याच्यावर चालतं.

दुसऱ्या ढिगात टाकण्याआधी प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा. ही तिथं चालेल का? ही तिथं स्वस्तात मिळेल का? आणि ही गेली नाही तर कुणाच्या जिवाला लागेल का? तिसरा प्रश्न फालतू समजू नका. आजीच्या लुगड्याची गोधडी कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मिक्सरचं उदाहरण घ्या. आपल्याकडं वीज २३० व्होल्टची. कॅनडात घरातल्या साध्या प्लगला १२० व्होल्टची. वीज उलटसुलट होण्याचा वेगही वेगळा, इथं ५० हर्ट्झ, तिथं ६०. मिक्सरच्या बुडाला बारीक अक्षरात हे आकडे लिहिलेले असतात. आपला मिक्सर तिथं नुसता लावून नीट चालत नाही. त्याला वीज वाढवणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो घेण्यापेक्षा तिथला नवा मिक्सर परवडतो. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन इथंच राहू द्या. मोबाइलच्या चार्जरवर मात्र बहुधा १०० ते २४० असं लिहिलेलं असतं. तो चालतो, फक्त पिन बदलणारं अडॅप्टर लागतं.

बोटीत जागा मोजतात

आता पैशांचं बोलू. आपल्याला वाटतं, जड वस्तूला भाडं जास्त. बोटीनं थोडंच सामान जायचं असेल, तर बहुतेक वेळा तसं नसतं. तिथं वस्तूनं किती जागा अडवली ते मोजतात. त्या मापाला घनमीटर म्हणतात. माल पाठवणारे त्याला 'सीबीएम' म्हणतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशी ती जागा. आपल्या फुटांच्या हिशेबात ती सुमारे ३५ घनफूट होते.

हिशेब अवघड नाही. लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजा आणि तिन्हींचा गुणाकार करा. काकूंचा दिवाण ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि दीड फूट उंच होता. गुणाकार आला ३६ घनफूट. म्हणजे एकटा दिवाण एका घनमीटरपेक्षा जास्त. लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल. तेही २९ घनफुटांच्या वर गेलं.

मग आम्ही पुठ्ठ्याचं खोकं मोजलं. दीड फूट लांब, तेवढंच रुंद आणि तेवढंच उंच. ते सव्वातीन घनफुटांपेक्षा थोडं जास्त भरलं. म्हणजे अशी दहा खोकी मिळून जेमतेम एक घनमीटर. एका दिवाणाच्या जागेत दहा खोकी! त्यात भांडी, साड्या, पुस्तकं, गोधड्या, पाटा-वरवंटा, सगळं मावलं. काकू कितीतरी वेळ दिवाणाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. माझ्या दुपारच्या झोपेला होईल."

विमानानं पार्सल पाठवायचं असेल, तर हिशेब बदलतो. तिथं वजनही बघतात आणि जागाही बघतात, आणि दोन्हींत जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. कुरिअरवाले बहुधा सेंटिमीटरमधल्या लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ५,००० नं भागतात. आपलं दीड फुटाचं खोकं साधारण ४५ सेंटिमीटरचं. हिशेब केला तर १८ किलो येतात. आत आठ किलोच्या गोधड्या असल्या, तरी पैसे १८ किलोचेच. म्हणून गोधड्या हवा काढायच्या पिशवीत दाबून भरा, खोकं लहान होतं. पाट्याचं उलटं आहे. तो विमानानं महाग पडतो. बोटीत मात्र तो एका खोक्याच्या कोपऱ्यात बसून जातो.

दर विचारताना

आमच्या शेजारच्या गावातल्या एका घरानं सगळ्यात स्वस्त दर सांगणाऱ्याला सामान दिलं. दर होता तिथल्या बंदरापर्यंतचा. बंदरावरची हमाली, गोदाम, कागदपत्रांचं काम आणि घरापर्यंतचा ट्रक, यातलं काहीच त्यात धरलेलं नव्हतं. तिथं पोचल्यावर नवं बिल आलं. पैसे जमेपर्यंत सामान गोदामात पडून राहिलं आणि दर दिवसाचं भाडं चढत गेलं. शेवटी सामानाच्या किमतीपेक्षा खर्च जास्त झाला.

म्हणून निदान तीन ठिकाणी दर विचारा, आणि तिघांनाही एकच यादी द्या. यादी वेगवेगळी असली, तर दरांची तुलना करून उपयोग नाही. प्रत्येकाला हे विचारा:

तुमचा दर आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंतचा आहे, की फक्त बंदरापर्यंतचा? तिकडं आणखी कशाकशाचे पैसे द्यावे लागतील? सामान कमी भरलं तर किमान किती घनमीटरचे पैसे घेणार? सामान गोदामात किती दिवस फुकट राहील? विमा आहे का, आणि खोकी आम्हीच भरली तर फुटल्याचे पैसे मिळतील का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. स्वतः भरलेल्या खोक्यात काय फुटलं, याची भरपाई बऱ्याच विम्यांत मिळत नाही. पूर्ण खोकं हरवलं तरच मिळते. ही सगळी उत्तरं लेखी घ्या. फोनवरचा गोड शब्द बंदरावर कामाला येत नाही.

मुंबईजवळ, रायगड जिल्ह्यात न्हावाशेवा बंदर आहे. १९८९ साली ते सुरू झालं. आपल्या भागातलं असं सामान बहुधा तिथूनच बोटीवर चढतं. कॅनडा फार मोठा देश आहे. बोट लागते किनाऱ्याला, आणि पुढं माल रेल्वेनं किंवा ट्रकनं दूरच्या शहरात जातो. काकूंचा मुलगा जिथं गेला, तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. म्हणून दर विचारताना बंदराचं नाही, घर असलेल्या शहराचं नाव सांगा.

काय पाठवायचं नाही

तुळशीची कुंडी काकूंनी यादीत लिहिली होती. ती जात नाही. कॅनडात बाहेरची माती आणायला बंदी आहे. आपण शेतकरी बाया आहोत, कारण आपल्याला लगेच कळेल. मातीतून कीड जाते, रोग जातो, तणाचं बी जातं, आणि ते तिथल्या पिकांना लागतं. म्हणून शेतातल्या चपला-बूटसुद्धा घासून धुऊन, वाळवून भरायचे. पाट्याच्या खाचांतली माती ब्रशनं काढायची. घरच्या बियाण्याचंही तसंच. पेरायच्या बियाण्याला सरकारी रोगमुक्तीचा दाखला आणि परवाने लागतात. कागदाच्या पुडीत लपवून द्यायचं ते काम नाही.

लाकडाच्या वस्तूंना भुंगा लागला आहे का बघा. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ती वस्तू घरीच ठेवा. तिथं सापडली तर अडवतात, धुरी द्यायला लावतात किंवा नष्टच करतात, आणि खर्च आपल्यावर येतो. काकूंच्या पाळण्याला अशी भोकं निघाली. सामान लाकडी पेटीत बांधणार असाल, तर पेटीचं लाकूड तापवून किंवा धुरी देऊन निर्जंतुक केलेलं लागतं. तापवायचं म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं पोचली पाहिजे. अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. तो शिक्का बघूनच पेटी घ्या.

बोटीच्या खोक्यात खाण्याचा एकही पदार्थ नको. लोणचं फुटलं तर साड्या जातात, आणि पिठाला किडे लागले तर सगळं सामान संशयात येतं. विमानानं मसाला, चटणी नेलीच, तर उतरल्यावर अधिकाऱ्याला आपणहून सांगायचं. सांगितलं आणि चालत नसलं, तर ते काढून घेतात. लपवलं आणि सापडलं, तर दंड होतो. आगपेटी, रॉकेल, रंग, फवाऱ्याचे डबे आणि सुट्या बॅटऱ्याही खोक्यात घालू नका.

आता देवांची गोष्ट. काकूंच्या देव्हाऱ्यात पणजीच्या काळचे टाक होते. आपल्या देशात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या मूर्ती, नाणी आणि कारागिरीच्या वस्तू आपल्याला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू जुनी दिसते पण तेवढी जुनी नाही, असं असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला घेता येतो. वाघनखाचं लॉकेट किंवा हस्तिदंताची डबी घरात असेल, तर ती नेण्याचा विचारही करू नका. वन्यजीव कायद्यात तो गुन्हा आहे. काकूंनी ठरवलं, जुने टाक मोठ्या घरीच राहतील. मुलांना नवे टाक करून दिले आणि पावती जपून ठेवली.

कॅनडाची यादी

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्यांदाच कायम राहायला जाणाऱ्या माणसाला कॅनडा त्याचं घरगुती सामान करमाफीत आणू देतो. पण अट आहे. ती वस्तू तिथं पोचण्याआधीच आपल्या मालकीची, आपल्या ताब्यातली आणि आपण वापरलेली असली पाहिजे. नवी कोरी, खोकं न फोडलेली वस्तू त्यात बसत नाही. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात नवी भांडी घेऊन तशीच बांधू नका. आणि करमाफीत नेलेली वस्तू तिथं वर्षाच्या आत विकली किंवा देऊन टाकली, तर कर भरावा लागू शकतो.

लग्नाच्या वस्तूंना मात्र सवलत आहे. तिथं पोचण्याआधीच्या तीन महिन्यांत लग्न झालं असेल, किंवा पोचल्यावर तीन महिन्यांत होणार असेल, तर लग्नातल्या भेटी आणि वधूचं घरगुती सामान वापरलेलं असण्याची अट नाही. आपल्या भाषेत सांगायचं, तर रुखवतातली नवी भांडी चालतात. पण यादीत ती लिहिलेली हवीत.

यादी दोन भागांत करायची. एक, सोबत आणलेल्या वस्तूंची. दुसरी, मागून येणाऱ्या वस्तूंची. दोन प्रती काढायच्या. प्रत्येक वस्तूपुढं अंदाजे किंमत लिहायची. शिलाई मशीन, टीव्ही, कॅमेरा असेल तर कंपनीचं नाव, मॉडेल आणि नंबर लिहायचा. विमानातून उतरल्यावर पहिल्याच ठिकाणी ही यादी कॅनडाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्याला द्यायची. तिथं एक फॉर्म भरतात, त्याचं नाव बीएसएफ १८६. त्याची प्रत आपल्याला मिळते. बोटीचं सामान आलं की ते सोडवताना तीच प्रत दाखवावी लागते.

इथंच लोक चुकतात. हातात फक्त दोन बॅगा असतात, बोट अजून समुद्रात असते, म्हणून वाटतं, आता काय सांगायचं? पण मागून येणाऱ्या वस्तूंची यादी पहिल्या दिवशीच द्यायची असते. नंतर आलेली वस्तू यादीत नसेल, तर तिच्यावर कर लागू शकतो.

आणि यादीत "घरगुती सामान, दहा खोकी" असं लिहून भागत नाही. खोक्याला नंबर द्या. खोकं १: पितळी पातेली ४, तांब्याचा हंडा १, पोळपाट १, लाटणी २. खोकं २: साड्या ११, गोधड्या २. असं लिहा. इंग्रजीत लिहायला शाळेतली पोर मदत करेल. पण काय आहे ते सांगणार खोकं भरणारी बाईच. दुसरं कुणी सांगूच शकत नाही.

हे कायम वास्तव्याला जाणाऱ्यांचे नियम आहेत. शिकायला किंवा ठरावीक मुदतीच्या नोकरीला जाणाऱ्यांचे वेगळे असतात. दुसऱ्या देशाचे तर वेगळेच. त्या त्या देशाच्या सीमाशुल्क विभागाच्या ताज्या माहितीवरून खात्री करून घ्या.

दागिने आणि बाईचं नाव

दागिने बोटीत कधीच टाकायचे नाहीत. ते हातातल्या पिशवीत ठेवायचे. निघण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा आणि सोनाराकडून वजन व किमतीचा कागद घ्या. कॅनडाच्या यादीत दागिनाही लिहा. आपल्या इथून निघताना विमानतळावर सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र मिळतं. हा दागिना मी इथूनच नेला होता, याचा तो पुरावा. पुढं सुट्टीला घरी येताना तोच दागिना अंगावर असेल, तर प्रश्न येत नाही. त्यासाठी विमानतळावर थोडं लवकर जावं लागतं. आणि १०,००० कॅनडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रक्कम जवळ असेल, तर उतरल्यावर तेही सांगावं लागतं.

बायांनो, या यादीचा आणखी एक उपयोग आहे. माहेरचं भांडं, लग्नातलं सोनं, स्वतःच्या कमाईचं शिलाई मशीन, या वस्तू आपल्या असतात, पण कुठं लिहिलेलं नसतं. स्त्रीधन बाईच्याच मालकीचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली स्पष्ट सांगितलं आहे. परदेशात, जिथं शेजारी ओळखीचे नाहीत आणि माहेर लांब आहे, तिथं एक कागदसुद्धा आधार देतो. म्हणून यादीची एक प्रत, दागिन्यांचे फोटो आणि सोनाराचा कागद सुनेच्या, लेकीच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या. हा अविश्वास नाही. गटाच्या पासबुकावर आपलं नाव असतं, तसंच हे.

बांधताना

बोट दमट हवेतून जाते. डब्याच्या आत घाम आल्यासारखं पाणी सुटतं. म्हणून प्रत्येक वस्तू कडकडीत उन्हात वाळवून भरा. सुती कपडे खळ न घालता भरा, खळीला कसर लागते. लोखंडी तवा-कढई धुऊन, कोरडी करून तेलाचं बोट फिरवा आणि कागदात गुंडाळा. खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. जड वस्तू लहान खोक्यात आणि तळाला, हलक्या वर. खोकं इतकंच भरा की एका माणसाला उचलता येईल. भरून झालं की उघड्या खोक्याचा फोटो काढा, मग पट्टी लावा. चार बाजूंनी नंबर लिहा.

पासपोर्ट, जन्माचे आणि लग्नाचे दाखले, मुलांचे शाळेचे आणि लसीचे कागद, डॉक्टरची चिठ्ठी, रोजच्या गोळ्या आणि सामानाची यादी, हे सगळं हातातल्या पिशवीत. खोक्यात गेलेला कागद दोन महिने भेटत नाही.

इथं जे राहतं

तिसऱ्या ढिगाचीही यादी करा. कोणती वस्तू कुणाकडं ठेवली, नुसती सांभाळायला की कायमची, ते लिहा. दोन प्रती करा, दोघींच्या सह्या घ्या. चार वर्षांनी सून सुट्टीला आली आणि तिचा हंडा जावेच्या घरात दिसला, की नात्यात खडा पडतो. एक ओळ लिहिलेली असली, तर तो पडत नाही. जाणारी बाई गटाची सभासद असेल, तर तिची बचत, तिचं कर्ज आणि कुणाला जामीन असेल तर तेही निघण्याआधी मिटवा.

काकूंच्या घरचं शेवटी दहा खोक्यांत भागलं. मागायला आल्या होत्या त्याच्या चौथाई कर्जात काम झालं. दिवाण, कपाट, पाळणा, मिक्सर इथंच राहिले. बियाणं आमच्या गटानं वाटून घेतलं आणि यंदा पेरलं. तुळस काकूंच्या दारात आहे.

पाटा सातव्या खोक्यात गेला. यादीत इंग्रजीत काय लिहायचं, यावर बराच खल झाला. शेवटी "मसाला वाटायचा दगड, १, जुना, वापरलेला" असं लिहिलं आणि फोटो जोडला. अडीच महिन्यांनी सूनबाईचा फोन आला. खोकी आली होती, यादीप्रमाणे एकेक मोजून घेतली होती. ती म्हणाली, "आई, ऐका." आणि काकूंना फोनमधून वरवंट्याचा आवाज ऐकू आला.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. तुमच्या घरातल्या कुणाला जायचं नसलं तरी चालेल. प्रत्येकीनं आपल्या स्वतःच्या वस्तूंची यादी लिहून आणा. कुठून आली, कधी आली, कुणाची आहे. आम्ही केली तेव्हा निम्म्या जणींची लेखणी तिसऱ्याच ओळीवर अडली होती. तुमची कुठं अडते, ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.